थांबायचे कुठे, ते आधी सांगा

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : द्रुतगती मार्गांच्या साइडपट्टीवर थांबणारी वाहने आणि त्यांना मागून बसणाऱ्या धडका

महोदय,



५ जून २०१६ची पहाट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ एका मोटारीचे चाक पंक्चर झाले म्हणून ती कडेला थांबली होती. मदतीसाठी आणखी एक मोटार तिच्याजवळ थांबली. साताऱ्याकडून मुंबईला निघालेली खासगी बस या दोन गाड्यांवर आदळली आणि रस्ता सोडून खाली खड्ड्यात गेली. १७ माणसे मेली.

१५ ऑक्टोबर २०२३, मध्यरात्र उलटून गेलेली. समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ जांबरगाव परिसरात सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची गाडी पुढच्या ट्रकवर मागून आदळली. १२ माणसे मेली. तो ट्रक परिवहन खात्याच्याच पथकाने तपासणीसाठी मार्गावर थांबवला होता असा आरोप झाला आणि दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला गेला. कोणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. गाडीत माणसे किती होती, वेग किती होता, हे प्रश्नही त्या रात्रीचे आहेतच. पण हे पत्र मी तुम्हालाच का लिहीत आहे, ते या दुसऱ्या घटनेवरून तुमच्या लक्षात येईल.

दोन्ही अपघातांत ज्याच्यावर गाडी आदळली ते वाहन धावत नव्हते. आपल्याकडे रस्ता सुरक्षेची चर्चा वेगाची होते, दारूची होते, हेल्मेट आणि सीटबेल्टची होते. ती व्हायलाच हवी. थांबलेल्या वाहनाची चर्चा मात्र अपघाताच्या बातमीतल्या एका वाक्यात संपते : ‘रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकला धडक.’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यातला ‘उभ्या असलेल्या’ हा भाग डोळ्यांखालून तसाच निघून जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि अपघातांचा सर्वांत मोठा प्रकार मागून बसणारी धडक हाच होता. पाचातला साधारण एक अपघात त्या प्रकारचा. उभ्या वाहनांना बसलेल्या धडका त्या अहवालात वेगळ्या प्रकारात मोजल्या जातात.

साइडपट्टीवर गाडी लावणाऱ्या माणसाला वाटते की आपण रस्त्याच्या बाहेर आलो. हा समज किती खोटा आहे, ते साध्या मोजमापाने कळते. द्रुतगती मार्गाची डांबरी किंवा काँक्रीटची साइडपट्टी साधारण तीन मीटरची असते. ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या घरात. म्हणजे ट्रक अगदी काळजीपूर्वक लावला तरी त्याची उजवी बाजू आणि डावीकडची धावती लेन यांच्यात हातभराचे अंतर उरते. चालकाने दार उघडले की दार लेनमध्ये. उजवीकडचे चाक बदलायला बसलेल्या माणसाची पाठ लेनमध्ये. मध्ये असते ती पांढरी रेघ, आणि रेघ कोणतीही गाडी अडवत नाही.

आता वेग. मुंबई-पुणे मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, समृद्धीवर १२०ची. १००च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते, १२०च्या वेगाने ३३ मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात. मग ब्रेक लागतो. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि चालक जागा असेल तर १००च्या वेगातली गाडी थांबायला एकूण शंभर-सव्वाशे मीटर लागतात, १२०च्या वेगात दीडशेच्या आसपास. लो बीमचा उजेड मात्र साठ-सत्तर मीटरच्या पुढे फारसा पोहोचत नाही. मागचे दिवे फुटलेला, चिखलाने माखलेला, रिफ्लेक्टर नसलेला ट्रक अंधारात उभा असेल तर तो दिसतो तेव्हा थांबण्याची वेळ निघून गेलेली असते. हा हिशेब नियम पाळणाऱ्या चालकाचा आहे. डोळा लागलेल्या चालकाचा हिशेब याहून वाईट : तीन सेकंदांच्या डुलकीत १००च्या वेगाने तो ८० मीटरहून अधिक अंतर डोळे मिटून कापतो आणि गाडी जरा डावीकडे सरकली की साइडपट्टीवर असतो.

यात डोळ्यांची एक मर्यादाही आहे. पुढे लाल दिवे दिसले की आपण ते वाहन चालते आहे असेच धरतो, कारण मोठ्या मार्गावर दिसणारे जवळजवळ प्रत्येक वाहन चालत असते. अंतर झपाट्याने कमी होते आहे, हे दूरवरून डोळ्याला उमगत नाही. ते उमगते अगदी जवळ गेल्यावर. समृद्धी सुरू झाल्यानंतर ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द आपल्याकडे बराच चर्चिला गेला. सरळ, एकसारख्या, रिकाम्या रस्त्यावर तासभर गाडी चालवली की मन सैल पडते. अशा मनाला सर्वांत उशिरा कळणारी गोष्ट म्हणजे न हलणारी गाडी.

महोदय, एवढे कळल्यावर पहिली इच्छा होते ती दंड वाढवण्याची. कायदा आजही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२२ने धोका होईल अशा ठिकाणी वाहन उभे करण्यास मनाई केली आहे. कलम १२७ने असे वाहन हलवण्याचे अधिकार दिले आहेत. कलम २०१खाली वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल ५०० रुपये दंड आहे. हा दंड दुप्पट करा, दसपट करा, माझी हरकत नाही. पण त्याने प्रश्न सुटणार नाही, कारण साइडपट्टीवर थांबणाऱ्यांपैकी पुष्कळ जण गरजेने थांबतात.

कोण थांबते ते पाहा. बोरघाट चढताना इंजिन तापलेली जुनी गाडी. उन्हात तापलेल्या काँक्रीटवर झिजका टायर फुटलेले कुटुंब. सलग चौदा-पंधरा तास चालवून डोळ्यांवर झापड आलेला ट्रकचालक, ज्याला माल वेळेत पोहोचवायचा आहे आणि ज्याच्यासाठी ट्रक लावण्याजोगी जागा पुढच्या पन्नास किलोमीटरांत कुठे आहे हे कोणी सांगितलेले नाही. लघवीसाठी जागा शोधणारी म्हातारी माणसे, मधुमेही, लहान मुले आणि बायका. पुरुष कडेला उभा राहून मोकळा होतो. बाई तासन्‌तास पाणी न पिता प्रवास करते, आणि अगदीच अशक्य झाले की नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला सांगते. समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला तेव्हा वाटेत बसायला, खायला, हातपाय धुवायला पुरेशी ठिकाणे नव्हती. इतका लांब मार्ग लोकांना दिला आणि थांबायची जागा नंतरसाठी ठेवली, तर लोक साइडपट्टीवर थांबणारच होते. आता ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग सुरू आहे. थांबणे ही माणसाच्या शरीराची आणि यंत्राची गरज आहे. वेग देणाऱ्या शासनाने थांबा दिलाच पाहिजे.

गरज नसताना थांबणारेही आहेत, हे मी लपवत नाही. फोनवर बोलायला, डबा उघडायला, पावसाळ्यात घाटातल्या धबधब्याचा फोटो काढायला, मागे राहिलेल्या दुसऱ्या गाडीची वाट बघायला लोक थांबतात. रेल्वेच्या रुळांना पाठ लावून कोणी डबा खात नाही. साइडपट्टीवर सतरंजी अंथरून खातात, कारण तिथे धोका आहे असे त्यांना कोणी कधी शिकवलेलेच नाही. उलटच शिकवले आहे. पुण्याजवळच्या वाकडच्या पुलापासून कितीतरी ठिकाणी बस महामार्गाच्या कडेला थांबून प्रवासी घेतात आणि प्रवासी सामान घेऊन तिथेच रांगेने उभे असतात. महामार्गावर हात दाखवून ट्रक बाजूला घ्यायला लावणारे गणवेशातले लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. ज्या ठिकाणी राज्याचे अधिकारीच गाड्या थांबवतात, ते ठिकाण सुरक्षित असणार, असे सामान्य चालकाने समजावे यात त्याची काय चूक?

म्हणून माझी पहिली मागणी तुमच्या खात्याकडेच आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. खात्याच्या फिरत्या तपासणी पथकाने, म्हणजे वायुवेग पथकाने, द्रुतगती मार्गाच्या मुख्य रस्त्यावर किंवा साइडपट्टीवर कोणतेही वाहन तपासणीसाठी थांबवू नये, असा लेखी आदेश काढा आणि तो जाहीर करा. तपासणी टोलनाक्यावर करा, मार्गावर चढण्याच्या जागी करा, बाहेर पडण्याच्या जागी करा. या मार्गांवर चढायच्या-उतरायच्या जागा ठरलेल्या आहेत. नियम मोडणारा पळून जाईल कुठे? महामार्ग पोलिसांसाठीही असाच आदेश निघावा म्हणून तुम्ही गृहखात्याशी बोला. एसटी आणि खासगी बस यांनी मुख्य मार्गाच्या कडेला प्रवासी घ्यायचे नाहीत, हेही तुमच्याच अखत्यारीत आहे. आधी सरकारी गाड्या साइडपट्टीवरून हटू द्या. मग लोकांना सांगण्याचा अधिकार येईल.

दुसरी मागणी जागेची. रस्ते विकास महामंडळ आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यासोबत बसून प्रत्येक मोठ्या मार्गाचा नकाशा काढा : ट्रक कुठे थांबू शकतो, स्वच्छतागृह कुठे आहे, ते रात्री दोन वाजता उघडे आणि उजेडाचे असते का, तिथे पाणी असते का. जिथे लांबच लांब काहीच नाही, तिथे मुख्य रस्त्यापासून कठड्याने वेगळा केलेला, दिवे असलेला थांबा बांधा. आणि ‘पुढचा थांबा अमुक किलोमीटरवर’ असे फलक लावा. झोप आलेल्या चालकाला पुढच्या वीस मिनिटांत हक्काची जागा आहे असे कळले, तर तो तेवढा धीर धरील. काहीच कळले नाही, तर तो जिथे आहे तिथेच गाडी लावील.

तिसरी मागणी मदतीची. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी हे राज्याचे मार्ग. त्यांची मदत यंत्रणा वेगळी. बंद पडलेल्या गाडीत बसलेल्या माणसाने आपण कोणाच्या रस्त्यावर आहोत हे आधी शोधायचे का? महाराष्ट्रातल्या कोणत्याही महामार्गासाठी एकच क्रमांक चालू द्या, फोन कुठे वळवायचा ते यंत्रणा बघेल. मुंबई-पुणे मार्गावर २०२४पासून वेग टिपणारे कॅमेरे लागले आहेत. जो कॅमेरा चलन पाठवू शकतो, त्याने थांबलेली गाडी टिपून गस्तीच्या वाहनालाही कळवले पाहिजे. बंद गाडीपर्यंत दिवे आणि शंकू घेऊन गस्तीची गाडी किती मिनिटांत पोहोचली आणि क्रेनने ती किती वेळात हलवली, हे आकडे दर महिन्याला मार्गानुसार प्रसिद्ध करा. २०१६ला मुंबई-पुणे मार्गावर १५१ माणसे मेली होती. त्याच वर्षी तिथे शून्य मृत्यूचे उद्दिष्ट ठेवून सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस यांनी एकत्र काम सुरू केले आणि पुढच्या वर्षांत मृत्यू खाली आले. म्हणजे ठरवले तर होते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे.

चौथी मागणी वाहनांची. योग्यता प्रमाणपत्र देताना ट्रकच्या मागचे दिवे, परावर्तक पट्ट्या आणि मागचा आडवा लोखंडी दांडा तुमचेच निरीक्षक तपासतात. तो दांडा नसला किंवा नुसता शोभेचा असला तर मोटार थेट ट्रकच्या फाळक्याखाली घुसते. एअरबॅग, सीटबेल्ट, काही कामाला येत नाही, कारण पहिला मार काचेला आणि डोक्याला बसतो. ही तपासणी कागदावर होऊ नये. उसाच्या हंगामात सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या महामार्गांवर दिवे नसलेल्या ट्रॉल्या रात्रभर चालतात आणि मोडल्या की तिथेच उभ्या राहतात. कारखान्याच्या गेटवर प्रत्येक ट्रॉलीच्या मागे पट्ट्या लावल्याशिवाय ऊस उतरवून घ्यायचा नाही, एवढे झाले तरी कितीतरी जीव वाचतील.

महोदय, हे पत्र खुले आहे, तेव्हा ते वाचणाऱ्या चालकांशीही दोन शब्द बोलतो. हे खरे तर शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत आणि टोलच्या पावतीमागे छापलेले असायला हवे.

गाडी रखडत का होईना चालत असेल तर साइडपट्टीवर थांबू नका. दोन्ही इंडिकेटर एकदम लावा, डावीकडून सावकाश चालवत पुढच्या थांब्यापर्यंत, पेट्रोलपंपापर्यंत किंवा टोलनाक्यापर्यंत न्या. टायर फाटेल, रिम वाकेल. ते पैशाने भरून येते. गाडी मुळीच हलणार नसेल तर जितकी डावीकडे जाईल तितकी घ्या, चाके डावीकडे वळवून ठेवा, सगळे दिवे चालू करा. मग सर्वांनी डाव्या दाराने उतरा, चालकानेही. झोपलेल्या मुलाला उचलून घ्या, आजीला हात द्या. ‘बाहेर ऊन आहे, तू आत बस’ असे कोणालाही म्हणू नका. लोखंडी कठड्याच्या पलीकडे जा आणि गाडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे वाहने ज्या दिशेने येतात त्या बाजूला, काही अंतरावर थांबा. धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. पलीकडे पाऊल टाकण्याआधी जमीन आहे की दरी किंवा पूल आहे, ते मोबाइलच्या उजेडात बघा. मग फोन करा आणि रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा.

चाक स्वतः बदलू नका, उजव्या बाजूचे तर कधीच नाही. गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण पन्नास मीटरवर ठेवला तर १२०च्या वेगातला चालक तिथून तुमच्यापर्यंत दीड सेकंदात येतो. तो ठेवायचाच असेल तर कठड्याच्या पलीकडून मागे चालत जाऊन पुष्कळ लांब ठेवा. तसे जाता येत नसेल तर त्याचा नाद सोडा. आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवणाऱ्या ब्रिटनमध्ये मोटारवेवर त्रिकोण ठेवायला जाऊच नका असे वाहतूक संहिता सांगते. स्पेनने २०२३पासून मोठ्या मार्गांवर त्रिकोणाची सक्ती काढून टाकली, कारण तो ठेवायला चालत गेलेली माणसे मरत होती. ट्रकचालक आणि क्लीनर बांधवांना एकच विनंती : बंद गाडीभोवती दगड आणि फांद्या मांडण्याची आपली जुनी रीत या वेगात चालत नाही. रात्री दगड दिसत नाही, आणि ट्रक निघून गेल्यावर तो तिथेच राहून दुसऱ्या कोणाचा तरी जीव घेतो.

आणि एक बोलायला जड जाणारी गोष्ट. पनवेलजवळच्या त्या पहाटे दुसरी मोटार मदतीला थांबली होती. अडलेल्याला बघून पुढे न जाणे हा आपल्या माणसांचा चांगला गुण आहे आणि तो टिकायला हवा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४अ आणून कायद्याचे संरक्षणही दिले आहे. पण द्रुतगती मार्गावर अडलेल्याच्या मागे-पुढे स्वतःची गाडी लावणे म्हणजे मागून येणाऱ्याला आणखी एक लक्ष्य देणे. मदत करायची तर न थांबता पुढच्या टोलनाक्यावर सांगा, सोबतच्या माणसाला फोन लावायला सांगा. समोर माणूस रक्तात पडला असेल आणि थांबावेच लागले, तर आधी गाडी पुढच्या मोकळ्या जागेत लावून कठड्याच्या पलीकडून मागे चालत येता येते का, ते पाहा.

महोदय, मी मागितलेल्या गोष्टींपैकी थांबे बांधायला वेळ लागेल, कॅमेऱ्यांना गस्तीशी जोडायला पैसे लागतील, ट्रॉल्यांना पट्ट्या लावायला साखर कारखान्यांशी भांडावे लागेल. तुमच्या पथकांना साइडपट्टीवर वाहने न थांबवण्याचा आदेश मात्र एका सहीवर निघतो. तो तुम्ही या महिन्यात काढावा, त्याची प्रत प्रत्येक टोलनाक्यावर मराठीत आणि हिंदीत लावावी, आणि त्याखाली लोकांना सांगावे की आम्ही इथे थांबत नाही, तुम्हीही थांबू नका, थांबायची पुढची जागा अमुक किलोमीटरवर आहे. तो शेवटचा आकडा भरायची जबाबदारी मग सरकारवरच येईल, आणि ती सरकारने घ्यावी, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

आपला विश्वासू,
द्रुतगती मार्गाने नेहमी जाणारा एक वाहनचालक